मृणालताई गोरे : उपनगरांतील एक लोकप्रतिनिधि

वर्सोवा म्हणजेच कोळीबांधवांच्या तोंडचें वेसावें. या गांवाच्या उत्तर टोंकास उभें राहिलें, म्हणजे समोर खाडी, खाडीपलीकडे मढ आणि उजव्या हातास दूरवर गोरेगांव-मालाडच्या इमारतींची रांग दिसते. मढच्या टेंकावर पोर्तुगीजांनीं बांधलेला व १७३९ सालीं मराठ्यांनीं जिंकून घेतलेला किल्ला आहे. इतिहासाच्या पुस्तकांत वर्सोव्याचें नांव येतें तें बहुधा या किल्ल्यापायीं. पुढें १७७४ त इंग्रजांनीं साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली, आणि येथवर येऊन ग्रंथकार लेखणी खालीं ठेवतात. जणूं काय त्यानंतर या किनाऱ्यास राजकारण असें राहिलेंच नाहीं! आमची समजूत निराळी आहे. किल्ला कोणाचा, हा प्रश्न मिटल्यावर येथें पाणी कोणाचें, हा प्रश्न उभा राहिला. आणि त्या प्रश्नानें या भागांत जें राजकारण घडविलें त्याची कथा किल्ल्याच्या कथेहून कमी मोलाची नाहीं.

मुंबई शहरास नळाचें पाणी प्रथम मिळालें तें १८६० सालीं, विहार तलावांतून. हा तलाव आहे कोठें? साष्टी बेटांतच, वर्सोव्यापासून पूर्वेस तीन-चार कोसांवर, डोंगराच्या कुशींत. १८७९ सालीं त्याच्या शेजारीं तुळशी तलाव झाला. मग तहान वाढली तसे दूरचे जलाशय आले. १८९२ त तानसा, १९५७ त वैतरणा. डोंगर साष्टीचा, त्यावर पडणारा पाऊस साष्टीचा, आणि पाणी मात्र माहीमची खाडी ओलांडून शहराकडे गेलेलें. साष्टींतील बहुतेक गांवांची भिस्त मागल्याप्रमाणें विहिरींवरच राहिली. गांवें लहान होतीं, विहिरींना पाणी होतें, तोंपर्यंत याचें कोणास फारसें दुःख झालें नाहीं. परंतु गिरण्या-कारखान्यांच्या आश्रयानें वस्ती उत्तरेकडे सरकूं लागली, आणि मग विहीर पुरेना. १९५० सालीं जोगेश्वरीपर्यंतचा भाग बृहन्मुंबईंत घेण्यांत आला. त्यांत वर्सोवा आलें. १९५७ त ही हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्यांत गोरेगांव, मालाड, बोरिवली आलीं. कर शहराचा लागूं झाला, तो ताबडतोब. नळ यावयास मात्र पुष्कळ काळ लागला.

आम्ही ज्यांच्याविषयीं लिहिणार आहों त्या मृणालताई गोरे वर्सोव्याच्या नव्हेत. त्यांचें कार्यक्षेत्र ओशिवऱ्याच्या नदीपलीकडचें गोरेगांव. तरीही या सबंध पश्चिम किनाऱ्यावरील उपनगरांचा प्रतिनिधि म्हणून एकाच व्यक्तीचें नांव घ्यावयाचें झालें तर तें त्यांचेंच घ्यावें लागेल. त्या नगरसेविका होत्या, दोन वेळां विधानसभेच्या सभासद होत्या, एकदां लोकसभेंत गेल्या आणि विधानसभेंत विरोधी पक्षाच्या नेत्याही झाल्या. एवढीं पदें ज्यांच्या वांट्यास आलीं अशीं माणसें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनीं त्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं, आणि मृणालताईंचें घेतात, हें कां, याचा विचार करण्यासारखा आहे.

त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचें आडनांव मोहिले. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत असतां राष्ट्र सेवा दल व समाजवादी मंडळी यांच्याशीं संबंध आला आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या कामांत पडल्या. मुलगी डॉक्टर होत आहे या अभिमानानें मान ताठ झालेल्या मध्यमवर्गीय घरांत असा निर्णय कसा वाटला असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांनीं विवाह केला तो गोरेगांवचे समाजवादी कार्यकर्ते केशव तथा बंडू गोरे यांच्याशीं. दोघांनीं गोरेगांवांत संसार मांडला तो मुळीं कामाच्या सोयीनें. महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचा प्रचार, गांवच्या गटारा-दिव्यांच्या तक्रारी, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, हें सारें त्या संसारांतच चाललें होतें. १९५८ सालीं केशवराव वारले. मृणालताई तेव्हां तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि पदरीं एक लहान मुलगी होती. पतीच्या नांवानें गोरेगांवांत केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. पुढें १९८३ त संकटांत सांपडलेल्या स्त्रियांना सल्ला व आधार देणारी 'स्वाधार' ही संस्थाही याच छायेखालीं निघाली. गोरेगांवच्या लोकांस आजही स्मारक एवढें म्हटलें कीं कोणतें तें सांगावें लागत नाहीं.

१९६१ सालीं मृणालताई मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या आणि येथून त्यांचें सार्वजनिक चरित्र खऱ्या अर्थानें सुरू होतें. या काळाविषयीं थोडें सविस्तर लिहिणें आम्हांस आवश्यक वाटतें, कारण पुढचें सारें यांतून निघालें आहे. त्या वेळच्या उपनगरांत पाण्याची स्थिति दोन प्रकारची होती. पक्क्या चाळींत व बंगल्यांत नळ होते, पण त्यांना पाणी अवेळीं व अपुरें येई. झोंपडपट्टींत नळच नव्हते. महानगरपालिकेचें म्हणणें असें कीं, झोंपडी बेकायदेशीर आहे. तिला नळ दिला तर बेकायदेशीर गोष्टीस मान्यता दिल्यासारखें होईल. कागदावर हा युक्तिवाद निर्दोष दिसतो. परंतु त्याचा परिणाम असा होई कीं, ज्या बाईनें दिवसभर दुसऱ्याच्या घरीं धुणीं-भांडीं केलीं तिला रात्रीं हंडा घेऊन कोणाच्या तरी दारांत नळासाठीं उभें राहावें लागे, नाहीं तर कळशीमागें पैसे मोजून पाणी विकत घ्यावें लागे. पाणी वस्तींत येतच होतें. फक्त तें गरिबाला श्रीमंताहून महाग पडत होतें. झोंपडीचा कायदेशीरपणा हा जमिनीचा प्रश्न आहे, पाणी हा जगण्याचा प्रश्न आहे आणि पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा अडवून ठेवतां येणार नाहीं, ही भूमिका मृणालताईंनीं महानगरपालिकेंत धरली व ती अखेरपर्यंत सोडली नाहीं. आज ही गोष्ट सर्वमान्य वाटते. त्या काळीं ती सभ्य करदात्यांस पटत नसे, आणि सभ्य करदाते म्हणजे आमच्यासारखींच घरें, हें कबूल करावयास हवें.

यासाठीं त्यांनीं जी रीत काढली ती वरकरणीं साधी होती. वस्तींतील बायकांना एकत्र करावयाचें, अर्ज लिहावयाचे, तो अर्ज घेऊन अधिकाऱ्याकडे जावयाचें, उत्तर न आल्यास रिकामे हंडे घेऊन त्याच अधिकाऱ्याच्या दारीं मोर्चा न्यावयाचा, आणि मोर्चा परतल्यावर दुसऱ्या दिवशीं सभागृहांत उभें राहून त्याच विषयावर नियमाला धरून बोलावयाचें. मोर्चे काढणारे पुढारी मुंबईंत कमी नव्हते, नियमांचे जाणकार सभासदही होते. एकाच व्यक्तीनें दोन्ही करणें दुर्मिळ होतें. मोर्चांतील बायकांना बाई आपल्यातर्फे आंत काय बोलल्या हें कळे आणि आंतील अधिकाऱ्यांना बाहेर किती हंडे उभे आहेत हें माहीत असे. यांतूनच त्यांस 'पाणीवाली बाई' हें नांव पडलें. मराठींत बाई हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. तो शाळेंतील शिक्षिकेस आदरानें लावतात आणि घरकामाच्या मोलकरणीसही लावतात. मृणालताईंना तो दोन्ही अर्थांनीं लागला, आणि त्यांत त्यांस कमीपणा वाटल्याचें कधीं दिसलें नाहीं.

विधानसभेंत त्या गेल्या १९७२ सालीं, मालाड मतदारसंघांतून, समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून. त्या निवडणुकींत काँग्रेसला महाराष्ट्रांत २७० पैकीं २२२ जागा मिळाल्या होत्या. समाजवादी सभासद बोटांवर मोजण्याइतके. अशा सभागृहांत विरोधकाच्या मताला वजन तें काय असणार! ठराव पडणार हें ठराव मांडतांनाच ठाऊक. पुष्कळ सभासद अशा प्रसंगीं एक तर सत्ताधाऱ्यांशीं जुळवून घेतात, किंवा भाषणें करून समाधान मानतात. मृणालताईंनीं तिसरा मार्ग धरला, आणि त्यासाठीं प्रसंगही तसाच आला. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाहीं. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांच्या किंमती चढत गेल्या, रेशनच्या दुकानांत माल मिळेना. त्या वर्षीं मुंबईंत महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिति स्थापन झाली. तींत मृणालताईंच्या बरोबरीनें कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर होत्या, समाजवादी प्रमिलाताई दंडवते होत्या. या पक्षांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर बसतांनाही एकमेकांकडे संशयानें पाहात. स्त्रियांनीं मात्र एकत्र येऊन लाटणीं उचललीं. लाटणें मोर्चा हा शब्दप्रयोग तेव्हांपासून मराठींत रूढ झाला. ठराविक वेळीं घरोघरच्या स्त्रियांनीं खिडकींत उभें राहून थाळ्या बडवावयाच्या, असाही एक प्रकार निघाला. चाळींतील गृहिणी, जी निवडणुकीच्या दिवशीं नवरा सांगेल त्या चित्रावर शिक्का मारी, ती यामुळें घराबाहेर न पडतांच राजकारणांत आली. ही गोष्ट कित्येक भाषणांहून अधिक परिणामकारक झाली असें आम्हांस वाटतें. महागाई मोर्चांनीं उतरत नाहीं, हें खरेंच. ती उतरवावयास पाऊस आणि पीक लागतें. परंतु सरकारला साठेबाजांविरुद्ध व रेशनच्या पुरवठ्यासाठीं हालचाल करणें भाग पडलें, आणि २२२ सभासदांचें बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाला स्वयंपाकघराची भीति वाटूं शकते, हें लोकांनीं पाहिलें.

पुढील भाग सर्वपरिचित असल्यानें थोडक्यांत सांगतों. जून १९७५ मध्यें आणीबाणी आली. मृणालताई प्रथम भूमिगत झाल्या, पुढें पकडल्या गेल्या व तुरुंगांत राहिल्या. मार्च १९७७ च्या निवडणुकींत जनता पक्षाच्या वतीनें त्या मुंबई-उत्तर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आल्या. त्याच निवडणुकींत अहिल्याताईही मुंबईंतूनच दिल्लीस गेल्या, म्हणजे लाटणें मोर्चाच्या दोन सेनानी एकदमच संसदेंत पोंचल्या. इंदिरा गांधी रायबरेलींत पडल्या तेव्हां मुंबईच्या रस्त्यांवर 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा घुमली. घोषणा चटकदार होती खरी. पण दिल्लींतील तीं वर्षें मृणालताईंच्या कारकिर्दींतील फलदायी वर्षें म्हणतां येणार नाहींत. जनता सरकार आपसांतील भांडणांनीं १९७९ त कोसळलें, आणि नळ, रेशन, झोंपडी हे जे त्यांचे विषय ते दिल्लीच्या सभागृहापेक्षां मुंबईच्या सभागृहांत सुटणारे होते. मोठें सभागृह म्हणजे मोठें काम, ही समजूत किती फसवी आहे याचें हें चांगलें उदाहरण होय.

१९८० नंतर त्या पुन्हां आपल्या जागीं आल्या, आणि या वेळीं प्रश्न होता जमिनीचा. १९७६ सालच्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यानें मुंबईंत एका मालकास ५०० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन ठेवतां येत नव्हती. जास्तीची जमीन सरकारनें घेऊन ती गरजूंच्या घरांसाठीं वापरावी असा हेतु. हेतु उत्तम, पण कायद्यांतच सवलतीचीं कलमें होतीं, आणि सवलत देणें सरकारच्या मर्जीवर होतें. ज्यास कायद्याचा अनुभव आहे तो पुढें काय झालें हें न सांगतां ओळखील. जमीन सरकारजमा होण्याऐवजीं सवलतीच्या वाटेनें पुन्हां मालकांच्या व बिल्डरांच्या हातीं राहूं लागली. मृणालताईंचे निकटचे सहकारी प्रा. प. बा. तथा बाबुराव सामंत हे अशा कागदांचे मोठे जाणते होते. मुख्यमंत्री अंतुले यांच्या काळांतील सिमेंट-वांटपाचें प्रकरण त्यांनींच उच्च न्यायालयांत नेलें, आणि जानेवारी १९८२ मध्यें न्यायमूर्ति लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुले यांना पद सोडावें लागलें. या मंडळींनीं नागरी निवारा परिषद स्थापन केली. परिषदेचा प्रश्न सरळ होता: कायद्यानें जी जमीन गरिबांच्या घरांसाठीं राखली ती गरिबांस द्या, घरें आमचीं आम्ही सहकारी पद्धतीनें बांधतों.

सरळ प्रश्नास सरळ उत्तर मिळालें असतें तर परिषदेला इतकीं वर्षें झगडावें लागलें नसतें. मोर्चे, निवेदनें, न्यायालयांतील खटले, पुन्हां निवेदनें, असें करतां करतां गोरेगांवच्या पूर्वेस दिंडोशीची जमीन मिळाली आणि पुढें तेथें सुमारे सहा हजार घरें उभीं राहिलीं. लहान, साधीं, पण पक्कीं. कारकून, शिक्षक, कामगार, टॅक्सीचालक अशा लोकांचीं. मुंबईसारख्या शहरांत सहा हजार घरें म्हणजे समुद्रांत थेंब, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर असें कीं, या घरांमुळें एक गोष्ट सिद्ध झाली: जमीन मिळाली तर बिल्डराच्या नफ्याशिवाय घर होऊं शकतें. हें सिद्ध होणेंच कित्येकांस गैरसोयीचें होतें, म्हणूनच त्यास इतका विलंब लागला. सामान्य माणसानें भरलेल्या हप्त्यांचा हिशेब ठेवणें, सभासदांत भांडणें होऊं न देणें, जागा मिळेल कीं नाहीं हें ठाऊक नसतां वर्षानुवर्षें त्यांचा विश्वास टिकविणें, हें काम वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं. लाटणें मोर्चा चित्रांत दिसतो. हिशेबाची वही दिसत नाहीं. मृणालताईंच्या चरित्रकारांनीं या वहीकडे अधिक लक्ष द्यावें असें आम्हांस नेहमीं वाटतें.

१९८५ सालीं त्या दुसऱ्यांदां विधानसभेंत आल्या, या खेपेस गोरेगांवांतून. या सत्रांतील त्यांचें सर्वांत दूरगामी काम म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचें विधेयक. गर्भजलपरीक्षा ही मुळांत गर्भांतील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठीं निघालेली. तिचा उपयोग मुलगी असल्यास गर्भ पाडण्यासाठीं राजरोस होऊं लागला होता. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत अशा दवाखान्यांच्या जाहिराती लागत. यांत आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पाण्याच्या प्रश्नांत दोषी कोण, हें दाखविणें सोपें होतें; महानगरपालिका समोर होती. या प्रश्नांत दोषी होतीं तीं सुशिक्षित, खाऊन-पिऊन सुखी घरें. तपासणीस पैसे लागत, आणि ते झोंपडींत नव्हते. स्त्रीसंघटना व कांहीं डॉक्टर यांनीं चळवळ उभी केली, मृणालताईंनीं १९८६ सालीं अशासकीय विधेयक मांडून तो विषय सभागृहांत आणला, आणि १९८८ त महाराष्ट्र सरकारनें स्वतःचा कायदा केला. देशांतील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होय. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ सालीं आला. कायद्यांत पळवाटा होत्या. खासगी दवाखान्यांस परवाना घेऊन तपासणी चालविण्याची मुभा होती, आणि चळवळींतील मंडळींचें त्यानें समाधान झालें नाहीं. पुढें सोनोग्राफीचें यंत्र गल्लोगल्लीं आल्यावर तर गर्भजलपरीक्षेची गरजच उरली नाहीं. कायदा विज्ञानाच्या मागून धांवतो आणि लोभ त्याच्या पुढून, असा हा प्रकार. २००३ सालीं केंद्राचा कायदा अधिक कडक करावा लागला. तथापि जें कृत्य घराघरांत उघड बोललें जात होतें तें गुन्हा ठरलें, याचा आरंभ मुंबईच्या विधानभवनांत झाला हें विसरतां येत नाहीं.

१९८८-८९ मध्यें मृणालताई विधानसभेंतील विरोधी पक्षनेत्या होत्या. या पदावर आलेल्या त्या तिसऱ्या स्त्री; त्यांच्यापूर्वीं प्रभा राव व प्रतिभाताई पाटील, दोघीही १९७९ सालीं. हें पद त्या काळांत विरोधी पक्षांमध्यें वरचेवर हस्तांतरित होत असल्यानें त्यांस तें थोडेंच महिने लाभलें. त्यांचें महत्त्व या पदामुळें वाढलें असें म्हणणें धाडसाचें होईल.

आतां एका अप्रिय प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे. १९९० च्या निवडणुकींत गोरेगांवची जागा शिवसेनेकडे गेली. सुभाष देसाई तेथून निवडून आले. ज्या वस्त्यांना समाजवाद्यांनीं नळ मिळवून दिले, ज्या स्त्रिया लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या, त्याच वस्त्यांनीं व घरांनीं पुढें दुसऱ्या झेंड्याखालीं मतदान केलें. हें कसें झालें? समाजवादी मंडळींत याचें एक ठराविक उत्तर ऐकूं येतें: लोक कृतघ्न निघाले, भाषेच्या व धर्माच्या हांकेला भुलले. आम्हांस हें उत्तर पटत नाहीं. पाणी हा हक्क आहे असें ज्यांस वीस वर्षें शिकविलें, त्यांनीं नळ आल्यावर उपकार मानून मत द्यावें ही अपेक्षा त्या शिकवणुकीशींच विसंगत आहे. हक्क मिळालेला माणूस ऋणी राहात नाहीं. तो पुढचें मागावयास मोकळा होतो. त्याला पुढें नोकरी हवी होती, मान हवा होता, आपली भाषा बोलणारा शाखेंतला तरुण रात्रीं-अपरात्रीं हांकेस येई तो हवा होता. हें त्याला शिवसेनेनें दिलें किंवा देऊं केलें.

याशिवाय दुसरें कारण समाजवाद्यांच्या घरांतलें आहे. मृणालताईंनीं पक्ष बदलला असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्यांच्या पायांखालचा पक्ष सतत बदलत राहिला. प्रजा समाजवादी, मग १९७१ त समाजवादी, १९७७ त जनता, १९८८ त जनता दल. दर वेळीं नवें नांव, नवें चिन्ह, नवे मित्र आणि जुनींच भांडणें. मतदार बाईंना ओळखत होता, पक्षाला ओळखण्याची संधि त्याला मिळालीच नाहीं. बाईंनंतर कोण, या प्रश्नाला पक्षाजवळ उत्तर नव्हतें. सेवाभावी कार्यकर्ते शेंकड्यांनीं तयार झाले, ते ट्रस्टांत, परिषदेंत, महिला मंडळांत राहिले. निवडणूक लढविण्यास पुढें येणारे थोडे. निवडणुकीचें राजकारण हें जरा हलकें काम आहे अशी एक समजूत या सज्जन मंडळींत होती, आणि ती त्यांना भोंवली असें आमचें मत आहे. मृणालताई स्वतः त्या समजुतीच्या नव्हत्या. त्यांनीं निवडणूक आणि मोर्चा यांत उच्चनीच मानलें नाहीं. त्यांच्या अनुयायांनीं मात्र मोर्चाच तेवढा उचलला.

१९९० नंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहींत. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनांत त्या होत्या, पण सभागृह सुटलें तें सुटलेंच. २००७ च्या अखेरीस महाराष्ट्रानें कमाल जमीन धारणा कायदा रद्द केला. ज्या कायद्याच्या आधारें दिंडोशीचीं घरें झालीं तो कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. १७ जुलै २०१२ रोजीं वसईस त्यांचें निधन झालें. २०१६ सालीं गोरेगांव-जोगेश्वरीच्या सीमेवर, ओशिवऱ्यालगत बांधलेल्या उड्डाणपुलास त्यांचें नांव देण्यांत आलें. ज्या स्त्रीनें आयुष्यभर पायीं मोर्चे नेले तिच्या नांवाचा मोटारींचा पूल, याची गंमत वाटते खरी. पण नांव देणाऱ्यांचा हेतु चांगला होता.

ओशिवऱ्याच्या अलीकडे, आम्ही जेथून आरंभ केला त्या वर्सोव्यास, २००८ च्या पुनर्रचनेनें स्वतःच्या नांवाचा विधानसभा मतदारसंघ मिळाला. एकाच मतदारसंघांत कोळीवाडा, यारी रोडच्या वस्त्या, चित्रपटव्यवसायांतील मंडळींच्या उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याच्या झोंपड्या असा हा संमिश्र भाग. २००९ सालीं येथून काँग्रेसचे बलदेव खोसा निवडून आले. २०१४ व २०१९ त भारतीय जनता पक्षाच्या डॉ. भारती लव्हेकर आल्या. आमदार असतांना २०१७ सालीं त्यांनीं गरजू मुली व स्त्रियांसाठीं सॅनिटरी पॅडची बँक काढली. ज्या विषयाचें नांव घरांतही हळू आवाजांत घेतात तो त्यांनीं लोकप्रतिनिधीच्या कामांत आणला, आणि येथें आम्हांस रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या त्या जुन्या बायकांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. २०२४ च्या निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे पक्षाचे हारून खान अवघ्या १,६०० मतांनीं निवडून आले. पंधरा वर्षांत तीन पक्षांचे तीन सभासद. गोरेगांवच्या मतदारांनीं १९९० सालीं जें केलें तेंच वर्सोव्याच्या मतदारांनींही केलें.